शिंप्याकडे कपडे शिवायला टाकण्याआधी: कापड, अस्तर, बटणं आणि ट्रायल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शर्ट, पँट, सूट, कुर्ता, जाकीट शिवून घेणाऱ्या पुरुषांचे आहेत. शिलाई बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती कापडाच्या दुकानातच बिघडलेली असते. म्हणून इथे कापडाबद्दल जास्त आणि फॅशनबद्दल कमी लिहिलं आहे.

आधी कापड घ्यायचं की आधी शिंपी गाठायचा?

आधी शिंपी. काय शिवायचंय, किती सैल हवंय, खिसे किती, हे ठरलं की तो माप घेतो आणि अमुक पन्ह्याचं (रुंदीचं) एवढं कापड आणा असं सांगतो. ते कागदावर लिहून घ्या. दुकानदाराचं ‘सव्वा मीटर आरामात पुरतं’ हे सरासरी अंगाच्या माणसासाठी असतं. कापड कमी पडलं तरी शिंपी सहसा नाही म्हणत नाही. तो आतली माया (शिलाईत सोडलेलं जादा कापड) कमी करतो, पाठीवरची प्लीट गाळतो, कॉलरची आतली बाजू जोड देऊन काढतो. तुम्हाला ते सहा महिन्यांनी पँट सैल करायला नेल्यावर कळतं.

कशाला किती कापड लागतं?

छाती ४०, कंबर ३४ आणि उंची पाच फूट आठ इंचांच्या आसपास असेल तर हे आकडे चालतात:

- पूर्ण बाहीचा शर्ट: ५८ इंच पन्ह्यात १.६० मीटर, ४४ पन्ह्यात २ ते २.२५, ३६ पन्ह्यात २.५० मीटर
- पँट: ५८ पन्ह्यात १.२० ते १.३० मीटर
- ब्लेझर: ५८ पन्ह्यात १.८० ते २ मीटर
- कोट-पँट: ५८ पन्ह्यात ३ ते ३.२५ मीटर, वेस्टकोटही हवा असेल तर ३.५० ते ३.७५
- कुर्ता: ३६ पन्ह्यात ३ मीटर

हा हिशेब कसा होतो ते एकदा कळलं की दुकानात कुणाला विचारावं लागत नाही. ३६ पन्ह्याचा कुर्ता घ्या. लांबी ४२ इंच. पुढचा भाग एक, पाठ एक, झाले ८४. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी मावतात, त्यांचे २४. एकूण १०८. तळाची दुमड, खांद्याची माया आणि कापड आटण्यासाठी १० इंच धरले की ११८, म्हणजे ३ मीटर. कॉलर, पट्टी आणि खिसे पुढच्या-मागच्या भागांच्या कडेला उरलेल्या पट्ट्यातून निघतात. दंड जाड असेल आणि बाही वरच्या बाजूला १८ इंचांहून रुंद हवी असेल तर दोन बाह्या शेजारी बसत नाहीत, एकीखाली एक येतात. मग ३ चे ३.६० मीटर होतात.

पँटचंही तसंच. ५८ चा पन्हा मध्ये दुमडला की २९ इंच मिळतात आणि त्यात एका पायाचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी बसतो. कंबर ४० च्या पुढे गेली, किंवा प्लीटची सैल पँट हवी असली, की तो बसेनासा होतो. १.५० मीटर घ्या.

चेक्सच्या कापडाला शिंपी जास्त का मागतो?

कारण प्रत्येक तुकडा त्याला वर-खाली सरकवून बेतावा लागतो. चौकडी अर्ध्या इंचाची असेल तर १० सेंटिमीटर जादा पुरे. तीन इंचांची असेल तर २५ ते ३० सेंटिमीटर घ्या. नुसत्या उभ्या पट्ट्यांना फारसं जादा लागत नाही.

शर्ट हातात आल्यावर पाच जागा बघा. बटणं लावून पुढची पट्टी: आडव्या रेषा डावीकडून उजवीकडे सलग गेल्या पाहिजेत. खिसा: तो छातीच्या चेक्समध्ये हरवला पाहिजे. बगलेपासून खाली जाणारी बाजूची शिलाई. कॉलरची दोन टोकं: दोन्हींवर सारखीच रेघ हवी. आणि हात खाली सोडल्यावर बाहीवरची आडवी रेषा छातीच्या रेषेला मिळते का ते. मुंढ्याच्या (बाही जोडतात त्या जागेच्या) पूर्ण गोलाईत चेक्स जुळत नाहीत, तो हट्ट धरू नका. शिंप्याला योक (पाठीच्या वरचा, खांद्यांवरचा तुकडा) तिरका लावायला सांगितला की पाठीवरचं जुळवण्याचं काम टळतं आणि दिसतंही बरं.

छापील चेक्सपासून मात्र सावध. विणलेले चेक्स धाग्यावरच असतात, छापलेले कधीकधी धाग्याला तिरके बसतात. असं कापड धाग्याप्रमाणे बेतलं तर चेक्स कलतात आणि चेक्सप्रमाणे बेतलं तर धुतल्यावर शर्ट पिळतो. दुकानात एक आडवा धागा ओढून बघा. त्याची रेघ छापाच्या रेषेला समांतर नसेल तर कापड परत ठेवा.

शर्टाच्या कापडावर ४०, ६०, १०० असे आकडे असतात, ते काय?

धाग्याचा काउंट. आकडा मोठा तितका धागा बारीक. रोज घालून दामटायच्या शर्टाला ४० किंवा ५० काउंट, ऑफिसला ६० ते ८०, त्यापुढचे समारंभाचे. आकड्याबरोबर ‘टू-प्लाय’ लिहिलंय का ते बघा. दोन धागे एकत्र पिळून विणलेलं १०० काउंटचं कापड मऊही असतं आणि टिकतंही. एकेरी धाग्याचं १०० काउंट पांढऱ्या रंगात घेतलं की आतलं बनियन दिसतं. दुकानातच कापडाच्या एका पदराखाली तळहात ठेवा. बोटं मोजता आली तर ते शर्टाचं कापड नव्हे.

विणीत पॉपलिन सपाट आणि गार, ट्विल थोडं जाड पण कमी चुरगळणारं, ऑक्सफर्ड जाडसर आणि जीन्सवर शोभणारं. ‘गिझा’ हे इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाचं नाव. आपल्याकडच्या लांब धाग्याच्या कापसात सुविनचा मान मोठा आहे. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन वाणांच्या संकरातून तो झाला आणि नावही दोघांच्या नावांतून जुळवलं. पण ही नावं हल्ली वाटेल त्या ताग्यावर छापलेली दिसतात. बोटांना कापड खरखरीत लागत असेल तर नावावर जाऊ नका.

लिनन घ्यावं का? चुरगळतं म्हणतात.

चुरगळतंच. ते चालत नसेल तर घेऊ नका, आणि ‘न चुरगळणारं लिनन’ तर अजिबात घेऊ नका. त्यात बहुधा पॉलिएस्टर असतं आणि लिनन ज्यासाठी घ्यायचं तो गारवाच जातो. लिननचा धागा ‘ली’मध्ये मोजतात: शर्टाला ६० ली, पँट-जाकिटाला २५ ते ४० ली. लिननच्या शर्टाला कडक कॉलर लावू नका, मऊ बुकरम (कॉलरच्या आतला थर) सांगा; लिनन घडीवरच झिजतं आणि कडक कॉलरची कड सगळ्यात आधी फाटते. इस्त्री ओलसर असतानाच करायची.

मुंबई-कोकणात काय घालावं आणि विदर्भात काय?

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कापड घाम शोषणारं आणि विरळ विणीचं हवं: सुती, लिनन, किंवा सुती-लिनन मिश्रण. टेरीकॉट (पॉलिएस्टर-सुती मिश्रण) पावसाळ्यात लवकर वाळतं हे खरं, पण लोकलच्या गर्दीत तेच अंगाला चिकटतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात जरा घट्ट विणीचं, फिक्या रंगाचं सुती कापड बरं. फार विरळ कापडातून ऊन थेट अंगावर येतं.

शुद्ध सुती म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का, हे कसं ओळखायचं?

कडेचे चार-पाच उभे आणि तेवढेच आडवे धागे काढा आणि चिमट्यात धरून बशीवर जाळा. दोन्ही दिशांचे धागे वेगळे जाळायचे, कारण ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) पॉलिएस्टरचा अशीही कापडं असतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चिमटीत चुरली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आकसतं, टोकाला कडक काळा मणी होतो. लोकर आणि रेशीम केस जळल्यासारखा वास देतात आणि ज्योत काढली की विझतात. सुती आणि व्हिस्कोस मात्र असं वेगळं ओळखता येत नाही, दोन्ही सारखीच जळतात.

शिवण्याआधी कापड भिजवायलाच हवं का?

सुती, लिनन आणि खादी: हो. लोकर आणि टेरीवूल (पॉलिएस्टर-लोकर मिश्रण) बादलीत घालायचं नाही, शिंपी त्याला वाफेची इस्त्री देतो. पॉली-व्हिस्कोसला पाण्याचा हात पुरे.

न भिजवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण २५ इंचांची बाही ४ टक्के आटली तर एक इंचाने वर जाते आणि मनगट उघडं पडतं. ३० इंचांचा शर्ट सव्वा इंच आखूड होतो आणि वाकलं की पँटमधून सुटतो. कॉलरचं आणखी वेगळंच. बाहेरचं कापड आटतं आणि आतलं चिकटवलेलं बुकरम आटत नाही, त्यामुळे कॉलरवर बारीक फुगे येतात. लोक त्याला शिंप्याचं काम म्हणतात. चूक भिजवणीची असते.

ताग्यावर ‘सॅनफोराइज्ड’ लिहिलेलं असेल तर कापड गिरणीतच दाबून आटवलेलं असतं आणि मग फरक एक टक्क्याच्या आत राहतो. तरीही भिजवलं तर बिघडत नाही. पद्धत सोपी आहे: साध्या पाण्यात साबण न घालता रात्रभर, सकाळी न पिळता दोरीवर, सावलीत. गडद रंग वेगळ्या बादलीत. अर्धवट ओलं असताना इस्त्री करून मगच शिंप्याकडे.

‘सुपर १२०’ म्हणजे धाग्यांची संख्या का?

नाही. तो लोकरीच्या तंतूच्या जाडीचा आकडा आहे. इंटरनॅशनल वूल टेक्स्टाइल ऑर्गनायझेशनच्या नियमाप्रमाणे सुपर १०० च्या तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, आणि आकडा दहाने वाढला की जाडी अर्ध्या मायक्रॉनने कमी. म्हणजे सुपर १२० ला १७.७५, सुपर १५० ला १६.२५. तंतू बारीक तसं कापड मऊ, आणि तसंच नाजूकही. सुपर १५० ची पँट रोज मोटारसायकलवर बसून घातली तर मांडीला आणि बैठकीला लवकर विरते. रोजच्या सूटला सुपर १०० ते १२० हाच शहाणपणाचा पल्ला. आणि हा आकडा किनारीवर दिसला तरी शेजारी लोकरीचं प्रमाण किती टक्के लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्याकडच्या उन्हात लोकरीचा सूट? टेरीवूल बरं नाही का?

विरळ विणीची, २२० ते २५० जीएसएमची (एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन) ट्रॉपिकल लोकर टेरीवूलपेक्षा गार वाटते, कारण तिच्यातून हवा खेळते आणि तंतू घाम धरून ठेवतात. टेरीवूल स्वस्त, टिकाऊ आणि प्रवासाला बरं, पण वर्षभरात बैठकीवर आणि कोपरांवर चमक येते. थेट गरम इस्त्रीनेही चमक येते, म्हणून मध्ये ओलं सुती फडकं हवंच. २८० जीएसएमच्या पुढचं कापड दिल्लीच्या थंडीसाठी सोडून द्या.

रंग दुकानाच्या दाराबाहेर, दिवसा उजेडी बघा. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा एकच दिसतात. कोट आणि पँट एकाच ताग्यातून, एकाच वेळी कापून घ्या. ‘पँटचं नंतर नेतो’ म्हटलं की नवा तागा येतो आणि त्याची छटा केसभर वेगळी असते, ती पहिल्याच फोटोत दिसते.

फ्यूजिंग, हाफ कॅनव्हास, फुल कॅनव्हास यांतलं काय सांगायचं?

कोटाच्या छातीला आकार देणारा आतला थर कसा बसवला, एवढाच हा फरक. फ्यूजिंगमध्ये तो उष्णतेने चिकटवतात. हाफ कॅनव्हासमध्ये छाती आणि लॅपलला (कॉलरखाली बाहेर दुमडलेल्या भागाला) शिवलेला कॅनव्हास असतो, खाली फ्यूजिंग. फुल कॅनव्हास खांद्यापासून तळापर्यंत टाक्यांनी धरलेला. वर्षातून दोन लग्नांना घालायचा कोट असेल तर नीट केलेलं फ्यूजिंग पुरतं. आठवड्यातून तीनदा घालणार असाल तर हाफ कॅनव्हासचे जादा पैसे वसूल होतात. फ्यूजिंग हातातल्या इस्त्रीने केलं तर ताप आणि दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि दोन-तीन ड्रायक्लीननंतर छातीवर फोड उठतात. ते पुन्हा बसत नाहीत. फ्यूजिंग प्रेसवर होतं का, एवढं विचारा.

ओळखायचं असेल तर बटणाच्या काजाखाली कोट दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओढा. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास.

अस्तर कुठलं?

व्हिस्कोस किंवा क्युप्रो (कापसाच्या तंतूंपासून केलेला रेशमासारखा धागा). चकचकीत पॉलिएस्टरचं अस्तर घाम कोंडतं. महागडं कापड घेऊन त्याला ते लावणं म्हणजे वरून गारवा आणि आतून प्लास्टिक. पाठीला अर्धंच अस्तर ठेवायला सांगता येतं, मग आतल्या शिलाया पट्टीने नीट बंद करायला हव्यात. बाह्यांना अस्तर पूर्णच हवं, नाहीतर हात अडकतो. पँटला गुडघ्यापर्यंत पुढून अस्तर लोकरीलाच लागतं, सुतीला नको.

शर्टाचे कुठले तपशील सांगून ठेवावेत?

कॉलरचं माप गळ्यापेक्षा अर्धा इंच जास्त. बटण लावल्यावर दोन बोटं जायला हवीत. घड्याळ घालता त्या हाताचा कफ पाव इंच सैल, हे सांगितलं नाही तर कुणी विचारत नाही. टाके इंचाला निदान १४. टायसाठी असेल तर कॉलरला काढता येणाऱ्या पट्ट्या.

बटणं ‘लाईन’मध्ये मोजतात, ४० लाईन म्हणजे एक इंच. शर्टाच्या पुढे १८ लाईन, कोटाच्या पुढे ३२, कोटाच्या बाहीला २४. शिंपल्याची बटणं सुंदर दिसतात, गालाला लावली तर गार लागतात, पण वॉशिंग मशीनमध्ये तुटतात. दोन जादा बटणं आतल्या बाजूला शिवून घ्या.

पँट बैठकीत का उसवते?

बहुतेक वेळा मांडीला आणि आसनाला (कमरेपासून दोन पायांच्या सांध्यापर्यंतच्या भागाला) जागा कमी म्हणून. कंबर खाली घातली की आसन आखूड पडतं, बसताना सगळा ताण मागच्या शिलाईवर येतो. शिंप्याला दोन गोष्टी सांगा: मागची शिलाई दुहेरी टीप मारून घ्या, आणि माप बसूनही घ्या. शिलाई शाबूत राहून शेजारचं कापडच विरलं असेल तर दोष कापडाचा. तिथे रफू टिकत नाही, आतून तुकडा लावावा लागतो. जास्त वेळ बसून काम असेल तर दोन टक्के लायक्राचं कापड सोयीचं, मात्र त्याला कडक इस्त्री चालत नाही.

नेहरू जाकीट किंवा बंदगळ्यासाठी टसर, हिमरू, मखमल चालेल?

टसर उत्तम. भंडाऱ्याकडचं कोसा टसर रंग न देताही मधासारखं दिसतं. फक्त हे धागे शिलाईजवळ सरकतात, म्हणून जाकीट घट्ट बेतायचं नाही आणि मागून पातळ फ्यूजिंग लावायचं. औरंगाबादी हिमरूच्या उलट बाजूला नक्षीचे सुटे धागे असतात. अस्तराशिवाय ते अंगठीत, घड्याळात अडकतात. बुट्टे मोठे असतील तर पुढच्या दोन्ही भागांवर सारख्या उंचीवर यायला हवेत, म्हणून अर्धा मीटर जादा.

मखमलीला दिशा असते. हात एकीकडे फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेने बेतले नाहीत तर एक बाही फिकी आणि एक गडद दिसते. त्यामुळे तुकडे उलटसुलट बसवून कापड वाचवता येत नाही आणि १० ते १५ टक्के जास्त लागतं. वरून इस्त्री कधीच नाही, लव दबली की कायमची.

ट्रायलला काय बघायचं?

कोटाची ट्रायल कच्च्या टाक्यांवर असते, तेव्हाच बोला. ज्या शर्टावर आणि बुटांवर कोट घालणार तेच घालून जा. खांदा सगळ्यात आधी: खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. लांबी, कंबर, बाही नंतर बदलता येते. खांद्याला हात घालायचा म्हणजे बाही, कॉलर, अस्तर सगळं उसवायचं.

मग पाठ. कॉलरच्या खाली आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे चौकोनी आहेत आणि मानेपाशी कापड जास्त झालंय. मानेपासून बगलेकडे तिरप्या रेघा उतरत असतील तर खांदे उतरते आहेत. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारख्या चुण्या आल्या तर पोटाला घट्ट. हात उचलल्यावर अख्खा कोट वर येत असेल तर मुंढा फार खाली गेलाय, आणि ‘सैल करा’ म्हणून ते सुटत नाही. मुंढा वर घ्यावा लागतो. शर्टाचा कफ कोटाबाहेर अर्धा इंच दिसू द्या. शेवटी खुर्चीत बसा, खिशात फोन घालून.

परदेशातून दहा-बारा दिवसांसाठी येतो. तेवढ्यात सूट होतो का?

उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी माप दिलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी ट्रायल ठरली तर होतो. पण तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, दिवाळीआधीही गर्दी असते. तेव्हा येण्याआधी फोन करून तारीख घ्या. शर्ट एकदम सहा टाकू नका. आधी एक शिवून घ्या, दोनदा धुवा, घालून बघा, मग त्याच मापाने बाकीचे. कागदावरच्या मापांपेक्षा अंगाला नीट बसणारा शर्ट नमुना म्हणून ठेवून जाणं केव्हाही बरं.

नंतर सैल करता यावं म्हणून किती माया ठेवायला सांगू?

पँटला मागच्या शिलाईत दीड इंच, तळाला अडीच ते तीन इंच. कोटाच्या बाजूंना पाऊण ते एक इंच. शर्टाला फारशी ठेवता येत नाही, आतून टोचते. गडद रंगाचं कापड काही वर्षं वापरून सैल केलं की आतून निघालेली पट्टी मूळ रंगाची असते आणि बाकीचा कपडा फिका, त्यामुळे जुन्या पँटची कंबर वाढवताना रेघ दिसणारच.

सूट कपाटात कसा ठेवायचा?

रुंद खांद्याच्या हँगरवर, सुती पिशवीत. ड्रायक्लीनरची प्लास्टिकची पिशवी घरी आल्या आल्या काढून टाका. पावसाळ्यात तिच्यात ओल धरते आणि बुरशी येते. लोकरीला कसर लागते ती घाम आणि अन्नाच्या डागांवर आधी, म्हणून न धुतलेला सूट कपाटात घालू नका. डांबरगोळ्या कापडाला न टेकवता, पुरचुंडीत बांधून वरच्या बाजूला टांगा. वास खाली उतरतो. पावसाळा संपला की एकदा उन्हाच्या कडेला, थेट उन्हात नव्हे, तासभर वाऱ्यावर ठेवा आणि खिसे उलटे करून झटका.